चुकीचे वाटेकरी

गाडीचा दरवाजा काही केल्या उघडत नव्हता.

मनीने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, पाय टेकवून पाहिलं, शेवटी हलक्या आवाजात त्याला विनवूनही पाहिलं. पण पत्रा आत दबून कडीशी असा काही गुंतला होता, की तो तिला दाद देईना. पोलीस चौकीच्या मागचं ते आवार मोडक्या गाड्यांनी भरलं होतं. ऊन तिरपं झालं होतं. वारा सुटला होता, आणि फुटलेल्या काचांचा चुरा पायाखाली साखरेसारखा करकरत होता. हवालदाराने बजावलं होतं, "काय सामान असेल ते आजच काढून न्या. उद्या या गाड्या इथून हलणार."

"थांबा जरा. असं ओढलंत तर हँडल हातात येईल."

तिने वळून पाहिलं. उंच, किंचित वाकून उभा राहणारा एक तरुण. बाह्या दुमडलेल्या, हातांवर बारीक ओरखडे, आणि एका हातात कुठूनतरी मिळवलेली लोखंडी पहार. त्याने ती फटीत घातली आणि सगळं अंग टाकलं. कर्कश आवाज झाला. दरवाजा उघडला.

मनी आत वाकली. मागच्या सीटवर आईची छत्री होती, जशीच्या तशी. पुढे पायांपाशी हात घातला तर चष्मा सापडला. एक काच गेलेला. तो हातात येताच ती तिथेच दरवाजाच्या चौकटीत बसली आणि रडू लागली.

त्या माणसाने जायला हवं होतं. तो गेला नाही. नुसता पाठमोरा, थोडा आडोसा करून उभा राहिला, चौकीतल्या कोणाला ती रडताना दिसू नये एवढ्या बेताने.

घरात जे बोलता येत नाही, ते कधीकधी परक्या माणसासमोर सहज बाहेर पडतं. मनीचं तसंच झालं.

"हा लावूनही तिला संध्याकाळी नीट दिसायचं नाही," ती म्हणाली. "समोरून दिवे आले की सगळीकडे पसरतात म्हणायची. ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरली होती…"

"आई?"

"हो."

वाऱ्यावर एक कागद उडत आला आणि चाकाला अडकून फडफडत राहिला. मनीने डोळे पुसले. "तुम्ही? तुम्ही कोणाचं सामान न्यायला आलात?"

त्याने आधी तिच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. मग मानेनेच शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे खूण केली. "वडिलांचं."

मनीने त्या गाडीकडे पाहिलं, मग आईच्या गाडीकडे. दोन्ही गाड्या एकाच बाजूने, एकसारख्या चेपलेल्या होत्या. एकाच केसच्या म्हणून हवालदाराने त्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. कालव्याजवळच्या वळणावर, त्या संध्याकाळी, या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. दोन्हींत एकेकच माणूस होता. दोघंही गेले होते.

ती उठली. तिच्या हातून निसटलेली छत्री त्याने उचलून दिली, "ही राहत होती" एवढंच म्हणाला, आणि पहार घेऊन आपल्या वडिलांच्या गाडीकडे वळला.

*

मनी हे तिचं घरचं नाव. लहानपणी दुधाची वाटी जमिनीवर ठेवून चाटताना आईने पकडलं होतं, तेव्हापासून चिकटलेलं. आता ती एका बेकरीत केक सजवायची. साखरेची फुलं करायची, केकवर नावं लिहायची. घरी आता ती आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त झालेले, मुळातच कमी बोलणारे. आई गेल्यापासून तर त्यांच्याकडून एकेक शब्द काढून घ्यावा लागे.

भरपाईचा दावा लावायचा हे आत्याने ठरवलं आणि वकीलबाईही तिनेच शोधल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या, कोणालाही न घाबरणाऱ्या.

"सोपं करून सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "दोष शंभर धरायचा आणि दोन गाड्यांत वाटायचा. आईंच्या वाट्याला जितका जाईल, तितकी तुमची भरपाई कमी. त्या गृहस्थांच्या वाट्याला जितका, तितकी त्यांच्या घरच्यांची कमी. त्यांचाही दावा आहेच. दोन्ही एकत्र चालतील."

"पैसे कोण देणार?" मनीने विचारलं.

"त्यांच्या गाडीची विमा कंपनी तुम्हाला, तुमच्या गाडीची त्यांना. तुमच्या दोघांच्या खिशाला चाट नाही."

"मग भांडण कशाचं?"

"नावाचं," बाबा कोपऱ्यातून म्हणाले. तेवढंच, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

मग वकीलबाईंनी आईच्या कामाचा हिशेब मांडायला घेतला. आई नोकरी करत नव्हती. पण घरच्या कामालाही कोर्टात मोल असतं, त्या म्हणाल्या. ते ठरवायचं, वय बघून किती वर्षांचं धरायचं ते ठरवायचं, आणि त्यातून त्या व्यक्तीचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा.

"बाई दिवसभरात काय काय करायच्या?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. "सगळंच," ते म्हणाले.

"आणि त्यांचा स्वतःचा खर्च? साधारण किती वजा धरायचा?"

"वजा?" बाबांना ते कळलंच नाही. "अहो, ती उरलेलंच खायची."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. मग जरा वेळाने, कागदावरून नजर न उचलता त्यांनी विचारलं, "तब्येतीची काही तक्रार होती का? डोळे, रक्तदाब, चक्कर?"

"काही नाही," बाबा चटकन म्हणाले. "ठणठणीत होती."

मनीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती गप्प बसली.

*

कोर्टाच्या तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी अपघाताचा नकाशा काढणारा पोलीस आजारी, कधी कागद दुसऱ्याच खोलीत. लांबलचक ओसरीच्या एका टोकाच्या बाकावर मनी आणि बाबा बसायचे, दुसऱ्या टोकाच्या बाकावर आवारातला तो तरुण आणि त्याची आई. ठेंगणी, सावळी, हातात सतत रुमाल चुरगाळणारी बाई. मधून शेकडो माणसं जायची. तरी माणसांच्या फटींतून त्याची आणि मनीची नजर कशी कोण जाणे, बरोबर एकमेकांना गाठायची. आणि मग दोघंही असं दाखवायची की आपण भिंतीवरची पाटी वाचत होतो.

एकदा बाबा वकीलबाईंबरोबर आत गेले असताना तो समोर येऊन उभा राहिला. हातात चहाचे दोन कागदी कप.

"नको," मनी म्हणाली. त्याने विचारण्याआधीच.

"मी दोन घेऊन बसलोय. तुम्ही घेतला नाहीत तर दोन्ही मलाच प्यावे लागतील. मग माझी झोप उडेल. त्याचा दोष कोणावर?"

"अर्धा अर्धा," मनीच्या तोंडून निघून गेलं. आणि आपण हसलो हे लक्षात येऊन ती स्वतःच चपापली. कितीतरी महिन्यांनी हसली होती.

तो बाकावर बसला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. चहा गरम होता. तिने त्याच्या हातांवरच्या ओरखड्यांकडे बोट केलं.

"मांजर," तो म्हणाला. "इंजेक्शन आवडलं नाही तिला."

"मांजरांचे डॉक्टर आहात?"

"कुत्र्यांचाही आहे. पण ओरखडे मांजरांचेच. कुत्री माफ करतात." त्याने कप फिरवला. "तुम्ही काय करता?"

"केकवर नावं लिहिते."

"चुकलं तर?"

"चुकलं तर वरून फूल काढते. तुम्हाला वाटतं केकवर एवढी फुलं हौसेने असतात?"

तो हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांच्या कडांनी. मनीला वाटलं, हे हसणं पुन्हा एकदा बघायला मिळावं… आणि तेवढ्यात ओसरीच्या टोकाकडून बाबांची हाक आली, "मने, चल."

डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. "मनी?"

"घरचं नाव आहे."

"मग मी हातमोजे घालून यायला हवं होतं," तो गंभीरपणे म्हणाला.

ती कप घेऊन उठली. कान गरम झाले होते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग तिच्या मागे, त्या बाकाकडे.

"त्या लोकांशी आपलं बोलणं नाही," पायऱ्या उतरताना ते म्हणाले.

"बाबा, त्यांचंही माणूस गेलंय."

"तेच म्हणतोय," बाबा म्हणाले. "त्यांचं माणूस आपलं माणूस घेऊन गेलं."

*

पुढच्या तारखेला चहा झाला. त्याच्या पुढच्या तारखेलाही. मध्ये सोडलेली एका माणसाची जागा हळूहळू अर्ध्या माणसाची झाली. तो तिला एका कुत्र्याची गोष्ट सांगायचा, जो डॉक्टर दिसला की आपोआप लंगडायचं सोडून द्यायचा. ती त्याला सांगायची, लोक केकवर काय काय लिहून मागतात ते. एका गृहस्थाने 'माफ कर' एवढंच लिहून नेलं होतं आणि तासाभराने येऊन त्याच्यापुढे 'ना' जोडून घेतला होता.

त्याच्याबद्दल तिला आणखीही काही कळत गेलं, काही त्याच्याकडून, काही ओसरीत कानावर पडलेल्या बोलण्यातून. घराचं कर्ज वडिलांच्या नावावर होतं. बहिणीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. दवाखाना नवा, अजून जेमतेम भाडं सुटायचं. आणि त्यांचे वकील, एक खोकणारे म्हातारे गृहस्थ, निराश होते. वळणावर त्याच्या वडिलांच्या गाडीच्या ब्रेकच्या खुणा लांबलचक सापडल्या होत्या. म्हणजे वेग होता. आणि दुसऱ्या गाडीविरुद्ध दाखवायला त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं. रस्त्यावरच्या मधल्या रेषेपाशी काचा पडल्या होत्या खऱ्या, पण त्या दोन्ही बाजूंना.

ते ऐकल्यापासून मनीच्या मनाला टोचणी लागली.

एक दिवस सकाळी तो बेकरीतच आला. बाहेर धुकं दाटून आलं होतं आणि काचेवर ओल धरली होती. काउंटरपाशी उभा राहून तो आत शोधत होता, आणि ती दिसल्यावर मात्र अगदी योगायोगाने आल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "एक केक हवा होता."

"मांजरासाठी?"

"आईसाठी. उद्या वाढदिवस आहे."

तिने एक केक पुढे घेतला आणि सजावटीच्या पिशवीत क्रीम भरलं. "काय लिहू?"

त्याने कोऱ्या केककडे पाहिलं. "दरवर्षी बाबाच आणायचे," तो म्हणाला. "त्यावर काहीतरी लिहून आणायचे, आम्हाला न दाखवता. आई वाचायची, लाजायची आणि लगेच सुरी फिरवायची. काय असायचं ते आम्हा भावंडांना कधी कळलंच नाही… आणि आता तिला विचारवत नाही."

"मग काही लिहीत नाही," मनी म्हणाली. "एक फूल काढते."

ती पाकळ्या काढू लागली. तो तिच्या बोटांकडे बघत होता हे तिला न पाहताच कळत होतं. मान खाली घालूनच तिने विचारलं, "तुम्ही वकिलांना सांगितलं नाहीत?"

"काय?"

"मी त्या आवारात बोलले होते ते. आईच्या डोळ्यांचं."

"तुम्ही छत्री विसरत होतात," तो म्हणाला. "मला तेवढंच आठवतंय."

"अहो, तुमचा दावा त्यावर उभा राहील."

"राहील."

"कर्ज आहे. बहिणीचं शिक्षण…"

"तो वेगळा विषय आहे."

"तोच विषय आहे."

त्याने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. आवाज खाली आला. "एक बाई काचांच्या ढिगात बसून रडत काहीतरी सांगते. मी कोण आहे हे तिला माहीत नसतं. ते मी उचलून वकिलाच्या टेबलावर नेऊन ठेवू? माझ्याच्याने होणार नाही. आमचं काय नुकसान व्हायचं ते होऊ दे."

"तुमच्या आईला माहीत आहे? तुम्ही काय लपवून ठेवलंय ते?"

तो धुक्याकडे बघत राहिला. मनीचा हात जरा जड पडला.

"ही पाकळी जाड झाली," ती म्हणाली.

"असू दे. असते एखादी."

खोका बांधताना दोघांची बोटं एकाच दोरीवर आली. कोणीच लगेच हात काढला नाही.

*

साक्षीच्या दिवशी खोलीत पंखा घरघरत होता. न्यायाधीश म्हणजे एक थकलेल्या डोळ्यांचे, मवाळ गृहस्थ. वकीलबाईंनी मनीला आधीच समजावलं होतं. "त्यांचे वकील विचारतील, आई गाडी चालवायला पूर्ण सक्षम होत्या का? तुम्ही म्हणायचं, हो. बस. हो म्हणायचं आणि थांबायचं."

पहिले प्रश्न सोपे होते. मग खोकणारे म्हातारे वकील उठले, कागद चाळले, आणि ज्याला काही अपेक्षाच उरलेली नाही अशा सुरात म्हणाले, "तुमच्या आई गाडी चालवायला पूर्णपणे सक्षम होत्या, असं तुमचं म्हणणं आहे का?"

मनीने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत बाबा, ताठ बसलेले. मागे डॉक्टरची आई, रुमाल चुरगाळत. तिच्या शेजारी तो. त्याने मान अगदी थोडी हलवली. नको.

ती एवढीशी मान हलली, आणि मनीला सगळं लख्ख दिसलं. हा माणूस आपल्यासाठी गप्प आहे, आणि त्याचं मोल ही रुमालवाली बाई मोजते आहे, तिला न विचारता.

"दिवसा, हो," मनी म्हणाली. "संध्याकाळी नाही."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. म्हाताऱ्या वकिलांनी खोकणं थांबवलं.

"म्हणजे?"

"अंधारून आलं की तिला समोरच्या गाडीचे दिवे पसरलेले दिसायचे. कडा कळायच्या नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी संध्याकाळी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं." तिने एकदा बाबांकडे पाहिलं. "ती चांगली चालवायची. वर्षानुवर्षं चालवली. कोणाला धक्का लागला नाही कधी. पण त्या संध्याकाळी ती रेषेच्या कुठल्या बाजूला होती, हे तिला दिसलं असेल असं मला वाटत नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटले. बाबा उठले. कोणाकडेही न पाहता, दोन बाकांच्या मधून हळूहळू चालत, दार उघडून बाहेर गेले.

ती बाहेर आली तेव्हा बाबा निघून गेले होते. ओसरीच्या खांबाशी डॉक्टर उभा होता. चेहरा रागाने लाल.

"कशाला बोललात? मी नको म्हणालो होतो ना?"

"तुम्हाला विचारून बोलायचं होतं का मी?"

"मी तुमच्यासाठी गप्प राहिलो. इतके महिने. आणि तुम्ही…"

"माझ्यासाठी?" आता मनीलाही राग आला. "मला हे उपकार नको होते. जन्मभर ते माझ्या मानगुटीवर राहिले असते. उद्या एका घरात आपलं भांडण झालं असतं, आणि तुमच्या तोंडून निघालं असतं, की बघ, मी तुझ्यासाठी काय…"

ती थांबली.

तोही थांबला. राग कुठल्या कुठे गेला. "एका घरात?" त्याने विचारलं.

"म्हणजे… समजा."

"समजतोय," तो म्हणाला, अगदी हळू. "मी केव्हापासून तेच समजतोय."

माणसं आजूबाजूने जात होती. कोणीतरी कोणाचं तरी नाव पुकारत होतं. मनीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे तिला सांगता आलं नसतं. "मला आता बाबांकडे जाऊ दे," ती म्हणाली. त्याने वाट सोडली.

*

बाबा बोलेनासे झाले. आधीही कमीच बोलायचे, पण त्या गप्प राहण्यात ऊब असायची. आता ते आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जायचे. एकदाच, दिवे लागायच्या वेळी, पाठ फिरवून ते म्हणाले, "तिची बाजू मांडायला तिथे तूच होतीस."

मनी रात्री उशीत तोंड घालून रडली. डॉक्टरचा फोन यायचा, ती एखाद-दुसरा शब्द बोलायची. "मी येऊ का?" तो विचारायचा. "नको, इतक्यात नको," ती म्हणायची. आणि फोन ठेवल्यावर वाटायचं, आला असता तरी चाललं असतं.

निकाल लागला. न्यायाधीशांनी शांतपणे वाचून दाखवला. चूक दोघांची. वळणावर वेग न आवरणारे गृहस्थ चारातल्या एका हिश्शाचे धनी. दिसत नसताना गाडी चालवून रेषेच्या पलीकडे गेलेल्या बाई तीन हिश्शांच्या. त्या हिशेबाने मनीच्या घराला थोडी भरपाई मिळाली, डॉक्टरच्या घराला बरीच. वकीलबाईंनी मनीच्या खांद्यावर हात ठेवला. "वकील म्हणून मी तुमच्यावर चिडले आहे," त्या म्हणाल्या. "बाकी काही म्हणत नाही."

घरी जाताना बाबा पायी निघाले. मनी त्यांच्यामागे दोन पावलं. रस्त्याच्या कडेची झाडं पानं गाळत होती. बागेपाशी बाबा एका बाकावर बसले. मग म्हणाले,

"मला गाडी चालवायला कधी जमलीच नाही. तिने किती वेळा शिकवली."

मनी शेजारी बसली.

"त्या दिवशी ती म्हणाली होती, अंधार पडेल, उद्या जाते. मी म्हणालो, काही नाही होत, जाऊन ये." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. "मला माहीत होतं मने. वकीलबाईंनी विचारलं तेव्हाही मला माहीत होतं. तीन हिस्से तिच्या नावावर लिहिले त्यांनी. तिने काय केलं होतं? तिने माझं ऐकलं."

मनीने त्यांचे दोन्ही हात धरले. बाबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यांना रडण्याची सवय नव्हती, त्यामुळे ते त्यांना नीट जमतही नव्हतं. रडणं थांबलं की ते खाकरायचे, आणि पुन्हा सुरू व्हायचं. ती नुसती बसून राहिली.

उठताना त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि समोर बघत म्हणाले, "तो मुलगा. चहावाला."

"मांजरांचे डॉक्टर आहेत ते, बाबा."

"तेच. त्याला माहीत होतं का, डोळ्यांचं?"

"पहिल्या दिवसापासून."

बाबा बरंच अंतर चालून गेले. "आणि बोलला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग घराच्या वळणावर थांबून, "त्यांच्याकडे कोण कोण असतं?"

*

रविवारी सकाळी डॉक्टर आणि त्याची आई घरी आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दार स्वतः उघडलं होतं. बाहेरच्या खोलीत बाबा आणि डॉक्टरची आई समोरासमोर बसले, आणि मनी "चहा ठेवते" म्हणून स्वयंपाकघरात पळाली. जरा वेळाने डॉक्टरही पाणी मागायचं निमित्त करून आला.

"बोलतायत का?" तिने विचारलं.

"हवेबद्दल. तीही संपत आलीय."

चहाचं पाणी उकळू लागलं. बाहेरून आवाज आले. आधी हळू, मग चढत गेलेले. दोघंही दाराशी जाऊन उभी राहिली.

"मी सांगते ना तुम्हाला, चूक यांचीच," डॉक्टरची आई म्हणत होती. "वळण आलं की गाडी हळू करायची असते, हे त्या माणसाला जन्मात कळलं नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा."

"अहो, पण रेषा हिने ओलांडली," बाबा म्हणाले. "आणि तिला पाठवलं मी. ठरलंय ते सगळं, न्यायाधीशांनी वाचून दाखवलं."

"न्यायाधीशांना काय कळतंय? ते यांच्या शेजारी बसले होते का कधी? मी बसले होते जन्मभर."

"तरीही. तुमच्याकडे एकच हिस्सा आलाय. तेवढाच तुमचा."

"मला तेवढाच नकोय," ती बाई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "ते हळू आले असते तर तुमची बायको घरी आली असती. एवढं मला म्हणू द्या तुम्ही."

मग पेला सरकवल्याचा आवाज, आणि बाबांचे शब्द, अगदी मऊ, "पाणी घ्या. घ्या थोडं."

स्वयंपाकघरात मनीने डोळे पुसले. डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता, त्याचेही डोळे ओले होते. तो ते लपवत नव्हता.

"मी एक विचारणार होतो," तो म्हणाला.

"विचारा."

"आत्ता नको. चहा उतू जातोय."

तिने गॅस बारीक केला. "आता विचारा."

इतक्या दिवसांचं पाठ केलेलं सगळं विसरल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला. "माझ्याशी लग्न करशील?"

करशील, असं म्हणाला तो. पहिल्यांदाच. मनीला आधी तो 'तू' ऐकू आला, आणि बाकीचं वाक्य मागाहून.

"करीन," ती म्हणाली.

तिने कप मांडले, चहा गाळला. ट्रे उचलला तर कप एकमेकांना लागून किणकिणू लागले. "दे इकडे," तो म्हणाला, आणि तिच्या हातातून ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. मनी त्याच्या मागोमाग.

बाबांनी मान वर केली. आपल्या घरचा ट्रे त्या मुलाच्या हातात बघून ते क्षणभर थबकले. मग ते कोचावर एका बाजूला सरकले, आणि त्याला बसायला जागा केली.